रिकामी रायफल

माझ्या संग्रहात स्वीडनमधल्या जुन्या शिकारी रायफली आहेत, एका वेळी एकच गोळी घेणाऱ्या. परवा शेजारचा सुहास बायकोला घेऊन त्या बघायला आला. एक हातात देताच त्याने ती थेट तिच्यावर रोखली. "काका, फोटो काढा ना!"

ती डोळे घट्ट मिटून भिंतीला टेकली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही वापरणारा शिकारी एकुलती एक गोळी झाडण्याआधी समोर काय आहे हे किती वेळ निरखत असेल! आणि याला समोरचं माणूस दिसेना?

मी रायफल हिसकावून घेतली.

"अहो काका, रिकामीच आहे."

"हे तिला माहीत होतं?"



"नव्हतं," ती म्हणाली आणि एकटीच चपला घालून निघून गेली.