‘खंय आसा’खाली उरलेला प्रश्न

आमच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरचा सगळ्यात निरुपयोगी टॅग कुठला, यावर वाद घालायची गरजच नव्हती. ‘खंय आसा’, म्हणजे ‘कुठे आहे’. कोणाला कुडाळच्या बाजारात गावठी मिरचीचं बियाणं हवं, कोणाला वेंगुर्ल्यात काजूची कलमं, कोणाला होडीच्या इंजिनाचा सुटा भाग, कोणाला आजोळच्या देवळाची वाट. प्रश्न काहीही असो, खाली ‘खंय आसा’ चिकटवून मंडळी मोकळी. मेल्यांनो, टॅग लावायचा तो प्रश्न कशाबद्दल आहे हे कळावं म्हणून, पुढच्या माणसाला चटकन सापडावं म्हणून. हा टॅग उघडला की अख्खी जत्रा समोर, आणि त्या गर्दीत आपल्याला हवं ते कधी गवसायचं नाही.

मी मालवणात खानावळ चालवते. दुपारची पंगत उठली की हात पुसून साइटची राखण करायला बसते. दुसरे राखणदार कुडाळचे, बँकेतून निवृत्त झालेले. शिस्तीचे, मोजकं बोलणारे. आमच्या किनाऱ्यावरची माणसं इथे प्रश्न विचारतात आणि उत्तरं मुंबईपासून पार जहाजांवरून येतात. ‘खंय आसा’ काढायचा असं आमचं ठरलं, तशी जाहीर सूचना लावली. कोणी हरकत घेतली नाही. मग एकेक प्रश्न उघडून तो ‘बियाणं’, ‘होड्या’, ‘वाटा’ असा जिथला तिथे लावायला घेतला. हे काम घाईने करता येत नाही. जुन्या प्रश्नाला हात लावला की तो पुन्हा पहिल्या पानावर येतो आणि लोकांना वाटतं, आजच विचारलाय. म्हणून रोज थोडे थोडे. निवडून झालेले तांदूळ सुपात एका बाजूला होत जातात तसा तो ढीग कमी होत गेला.

सुट्ट्या लागल्या, पर्यटकांनी मालवण भरलं आणि मला चुलीपुढून हलता येईना. उरलेलं काम कुडाळच्या काकांनी एकट्याने उरकलं. शेवटी एक प्रश्न राहिला. तो ना बियाण्यात बसे, ना वाटांत.

तो प्रश्न तोंडवलीच्या एका बाईचा होता. ती माझ्या खानावळीला सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणून देते. तिचा नवरा जहाजावर खलाशी. कंपनीचं म्हणणं असं, की तो परदेशातल्या एका बंदरात उतरला आणि जहाज सुटेपर्यंत परतला नाही. बस, एवढंच. माणूस जिवंत की मेलेला, कोणी सांगेना. तिला टाइप करता येत नाही, म्हणून तिने सांगितलं आणि मी लिहिलं होतं. टॅग लावताना मीसुद्धा ‘खंय आसा’च लावला, दुसरं काय लावणार होते? आमच्या खलाशांनी जीव तोडून शोधलं. एकाने त्या गावच्या इस्पितळात चौकशी केली, एकाने गोदीच्या फाटकावर त्याचा फोटो लावला. पण उत्तर काही आलं नाही. आमच्याकडे बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात, मग दर्भाचा पुतळा करून क्रियाकर्म उरकतात. ती बारा वर्षं अजून भरायची होती. तिचं कुंकू कपाळावर होतं.

काकांनी तो प्रश्न ‘आठवणी’ या टॅगखाली लावला. तिथे आम्ही गेलेल्या माणसांबद्दलचं लिखाण ठेवतो.

प्रश्न पहिल्या पानावर आला. त्याचा फोटो आणि खाली ‘आठवणी’, एवढं बघितल्यावर आमच्या लोकांना आणखी वाचायची काय गरज? एकाने लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली. झालं. एकापाठोपाठ एक ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, ‘ॐ शांती’, हात जोडलेली चित्रं. शिरा पडो त्यांच्या बोटांवर! वर लिहिलंय की या माणसाला कोणी बघितलंय का, आणि खाली हे त्याला पोचवून मोकळे.

मला कळलं ते सोमवारी सकाळी. सगळ्या श्रद्धांजल्या पुसल्या आणि काकांना फोन लावला. मी तोंडाला येईल ते बोलले. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, “मला वाटलं, तिथे तो प्रश्न सांभाळला जाईल.” वाईट हेतू नव्हताच माणसाचा. काढून टाकलेला टॅग परत जिवंत करायचा अधिकार त्यांच्याकडेच होता. एका प्रश्नासाठी टॅग ठेवायचा नाही हा नियमही त्यांचाच. मी फोन ठेवला आणि तोंडवलीची गाडी पकडली.

वाटेवरच तळणीचा वास आला. सोमवारी आमच्याकडे मासळी चुलीवर चढत नाही, आणि सुतकाच्या घरात तर चूलच पेटत नाही, शेजारी पेज आणून देतात. तिच्या खळ्यात, पुढच्या अंगणात, चार बाया पदर सावरून बसल्या होत्या. एकीच्या पुढ्यात पेजेचं तपेलं होतं. बातमी मुंबईहून फिरून गावात आली होती. आणि आत ती बांगडे तळत होती, दार सताड उघडं टाकून.

मला बघून तिने झारा खाली ठेवला. “तेका खंय नेऊन ठेवलंस गो?”

मी मोबाइल उघडला. काकांनी टॅग परत आणला होता. तिच्या समोरच मी ‘आठवणी’ काढून ‘खंय आसा’ लावला आणि वाचून दाखवला. तिने पदराने डोळे पुसले. म्हणाली, “उत्तर गावला नाय तरी चलात. पण प्रश्न पुसू नको.” मी तिला शब्द दिला. त्या टॅगखाली आज तेवढा एकच प्रश्न आहे.

मग ती मला बाहेर घेऊन आली, त्या चौघींच्या समोर पाट मांडला आणि पान वाढलं. भात, आमटी, वर बांगडा. “जेवन जा,” म्हणाली. कळायला लागल्यापासून मी सोमवारी मासळीला हात लावलेला नाही, आणि हे त्या बायांना चांगलं ठाऊक होतं. ती माझ्याकडे बघत उभी होती, कपाळावर ताजं कुंकू लावून.

मी बांगडा मोडला आणि सगळ्यांच्या देखत खाल्ला.

पेज आणलेली बाई उठली, आपलं तपेलं उचललं आणि घरी गेली.