चार टाचण्या

आमच्या ऑफिसात जिन्याच्या वळणावर नोटीस बोर्ड आहे. वाढदिवसांची यादी तिथे एकाच टाचणीवर लोंबकळत असते. आज तिच्याशेजारी नवा कागद दिसला, चारही कोपऱ्यांना टाचण्या मारून ताठ बसवलेला: 'लस न घेतलेले कर्मचारी'. नाव एकच, माझं. कारणाच्या रकान्यात माझा आजार, औषधाच्या नावासकट.

उपचार संपेपर्यंत लस नको, अशी डॉक्टरांची चिठ्ठी मी पाकिटात घालून, डिंकाने चिकटवून, वर 'गोपनीय' लिहून साहेबांना दिली होती.

चहा देणाऱ्या सावंत मावशींनी माझ्या नेहमीच्या कपाऐवजी कागदी कप पुढे केला. "साहेबांनी सांगितलंय, ताई," त्या खाली बघत म्हणाल्या.

आजार अंगात असतो तोवर आपला असतो. रकान्यात गेला की ऑफिसचा होतो. जिना चढून आलेला प्रत्येक जण दम खायला त्या वळणावर थांबतो. थांबला की वाचतोच.

संध्याकाळी गावाहून आईचा फोन आला. आमच्या आळीतला एक जण इथेच कामाला आहे. आईपासून हे सगळं मी तीन महिने लपवलं होतं.

"बोर्डावर लावायच्या आधी मला तरी सांगायचंस गं," ती म्हणाली.