पाणी परतताना बघा

प्रा. दिगंबर भंगाळे सरांची आणि माझी ओळख भांडणानं झाली. मी बुऱ्हाणपूरच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. भौतिकशास्त्राचे हे सर आमच्या प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून पोटॅशियम परमँगनेटचे थोडे खडे मागू लागले.

"कशाला?"

"पाणी रंगवायचंय."

"मग होळीला या," मी म्हणाले.

कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी मला उभं राहून ऐकायला शिकवलं होतं. गप्प बसायला शिकवणं त्यांनाही जमलं नव्हतं. सर मात्र हसले. "खडे तुमच्याच हातानं टाका, बाई. आणि काय दिसतं ते मला सांगा."

त्यांच्या मागच्या खोलीत काचेची लांबलचक टाकी होती. तळाशी गुळगुळीत पत्रा, एका टोकाला पाणी मागेपुढे ढकलणारा दट्ट्या. तो हलवायला सरांनी लोधीपुऱ्यातल्या एका मोडीत निघालेल्या पॉवरलूमचा क्रँक बसवला होता. आपल्या गावात मागाची फणी मागेपुढे हलताना बघतच मुलं मोठी होतात. त्याच तालावर पाणी हलवावं, हे सरांनाच सुचलं. एकाच दिशेनं वाहणारं पाणी कधी खवळतं, हे पुस्तकात असतं. पण लाटेखाली समुद्रतळाशी पाणी येतं-जातं, तसं हलणारं पाणी भिंतीलगत, म्हणजे इथे तळाच्या पत्र्यालगत, कधी आणि कशानं खवळतं, हा सरांचा प्रश्न होता.

मी खडे टाकले. जांभळे धागे तळाशी लांबत गेले. वेग सर्वांत जास्त असेल तेव्हा गोंधळही जास्त असेल, अशी माझी समजूत. तसं मुळीच नव्हतं. भर वेगात धागे ताणून धरल्यासारखे सरळ. पाणी मंदावू लागलं, परतायच्या बेतात आलं, की तळालगतचा धागा थरथरायचा, वाकायचा आणि जांभळा लोट होऊन वर उसळायचा. उलट दिशेनं वेग आला की इस्त्री फिरवल्यासारखं सगळं पुन्हा सपाट. सरांनी समजावलं, "वरचं पाणी अजून पुढे चाललेलं असतं आणि भिंतीजवळचं आधीच मागे वळलेलं असतं. त्या ओढाताणीत बिनसतं."

"ते ठीक आहे," मी म्हणाले, "पण तुमचं पाणी दर वेळी इथूनच का उसळतं?"

सरांनी पाण्यात हात घालून पत्र्यावर बोट फिरवलं. तिथे सांधे बुजवायच्या लांबीचा एक ठिपका राहून गेला होता, तिळाएवढा. दुसरे कोणी असते तर त्यांनी तो गुपचूप खरवडला असता. सरांनी त्याचं नाव 'बाईंचा ठिपका' ठेवलं आणि प्रत्येक नव्या वर्गाला सांगितलं, की ही चूक माझी आणि हा शोध बाईंचा. दुसऱ्याचं श्रेय इतक्या आनंदानं मोजून देणारे गृहस्थ मी आमच्या व्यवसायात फार पाहिले नाहीत. स्वतःच्या नावापुढे दुसऱ्याचं काम लावणारे मात्र पुष्कळ पाहिले.

त्या ठिपक्यानं सरांना पुढचा प्रश्न दिला. पाणी खवळायला भिंतीवर किती खडबड पुरते? पत्रा घासून त्यांनी तापीची वाळू चाळली आणि एकेक कण चिकटवून बघायला सुरुवात केली, मोठ्याकडून बारकाकडे.

माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा माझे सकाळचे तास सरांनी घेतले. परत आल्यावर मी विचारलं, "रसायन काय शिकवलंत?" म्हणाले, "मला कुठे येतंय? मुलांनीच मला शिकवलं. चांगलं शिकवतात." त्या मुलांचा तो धडा पक्का झाला होता, हे मी नंतर तपासून पाहिलं.

आता जे लिहिते आहे ते सरांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथात शोभणार नाही, असं संपादक म्हणतील. म्हणोत.

एकदा महाविद्यालय तपासायला समिती आली. सर काकुळतीनं सांगत होते, "जरा थांबा, पाणी परतताना बघा." पाहुण्यांनी भर वेगातलं पाणी बघितलं, मग घड्याळ बघितलं. तेव्हाचे आमचे प्राचार्य म्हणाले, "भंगाळेजी, इसमें तो कुछ हो ही नहीं रहा! चलिए, नाश्ता ठंडा हो रहा है." उसळीला क्षणभराचा अवकाश होता. तेवढं थांबणं कोणाला जमलं नाही. पुढल्याच सुट्टीत खोली रिकामी करायचा हुकूम निघाला. टाकी हलवताना काचेला तडा गेला. मी प्राचार्यांशी बोलले, त्याचा उपयोग झाला नाही.

प्रयोग अर्ध्यावर राहिला. सर्वांत बारीक कण टाकीपर्यंत पोचलेच नाहीत. इतरत्र लोकांनी असं काम पुढे नेलं, हे सर स्वतःच कौतुकानं सांगतात. मला ते कौतुक जमत नाही. या गावात जे दिसू शकलं असतं ते दिसलं नाही, याची हळहळ अजून जात नाही.

टाकी आज सरांच्या परसात आहे. वहिनी कुरकुरतात, "क्रँकला तेल घालतात, दाराच्या बिजागरीला नाही." हा लेख लिहिण्याआधी मी सरांना विचारलं, "पंच्याहत्तरीला काय हवं?"

"शाली पुष्कळ आहेत. खोली देतात का, विचारा. काच मी बसवून घेईन."

"सर, या वयात? आता वेग ओसरला आपला."

"मग हीच तर बघायची वेळ, बाई! इतकी वर्षं काय दाखवत होतो तुम्हाला?"

सरांना निरोगी शंभरी लाभो, हात आणि नजर आजच्यासारखीच स्थिर राहो. राहिलेले कण त्यांच्याच हातून पत्र्यावर चढोत, आणि खडे टाकायला मला बोलावणं येवो.

सत्कार समितीला एवढंच सांगायचं आहे. सरांच्या खोलीत आता समारंभाच्या खुर्च्या रचून ठेवतात. सत्काराला त्याच बाहेर निघतील. कार्यक्रम संपल्यावर त्या परत आत नेऊ नका.