आईचा ब्रेक

मंडळी, बाबा गेले, पण त्यांची जुनी गाडी मी ठेवली आहे. मागे हौसेनं तिला डिस्क ब्रेक बसवले, तर पेडल इतकं कडक झालं की मांडी भरून यायची. आज तुमसरच्या मिस्त्रीनं पायाचा जोर वाढवणारा बूस्टर जोडून दिला. म्हणाला, "भाऊ, आता नुसता पाय ठेवजा."

आईला शेजारी बसवून मोहाडीला निघालो.

ऐंशीच्या दशकात याच रस्त्यावर बाजाराच्या दिवशी बैलांच्या बंड्या आडव्या आल्या, की बाबा सीटवरून अर्धे उठून ब्रेकवर उभेच राहायचे. शेजारी आईही पुढच्या पत्र्यावर पाय रोवायची. मागे आम्ही भावंडं खिदळायचो.

आज म्हशी आडव्या आल्या. मी सवयीनं ब्रेक जोरात दाबला आणि गाडी गचकन थांबली. बघतो तर आईचे दोन्ही पाय पत्र्यावर गच्च.

"आई, ब्रेक हलका झाला आता. तू कायले दाबून राहिली?"

"तुह्या बाबाच्यानं एकट्यानं थांबत होती का ही गाडी?"

मग मोहाडीपर्यंत आम्ही दोघांनी मिळून ब्रेक दाबले.

तुमच्या गाडीत बिनपेडलचा ब्रेक कोण दाबायचं?