आठवं रफू

नाव: रफूवाली मावशी (खरे नाव अर्जाच्या दुसऱ्या पानावर आहे, त्यावर शिक्का बसल्यामुळे वाचता येत नाही). वय: सहासष्ट. कौशल्य: कापडास पडलेले भोक त्याच कापडाच्या धाग्याने विणून बुजवणे. कार्यस्थळ: जिन्याखालची जागा, रुंदी साडेतीन फूट. आसनव्यवस्था: स्टूल, एक. दृष्टी: उजवा डोळा कार्यरत, डावा अंशतः. तयार केलेले वारसदार: निरंक. शेरा: सदर कौशल्य सदर व्यक्तीसोबतच संपुष्टात येण्याची शक्यता आहे. सदर व्यक्तीचे याबाबत काही म्हणणे असल्यास सोबत जोडावे.

मावशींचं म्हणणं होतं आणि ते बरंच लांबलचक होतं. अर्ज भरणारी सून म्हणाली, "आई, इथे दोनच ओळी आहेत." मग म्हणणं घरी राहिलं आणि अर्ज गेला.

तो ज्या खात्याकडे गेला, त्याचं काम लोप पावत चाललेली हस्तकौशल्यं जतन करण्याचं. योजना चांगली होती. कामाचा नमुना समितीने पास केला, की वर्षभरासाठी एक मोठी खोली, खिडकीपाशी टेबल आणि शिकायला सहा माणसं. खोलीचं मावशींना अप्रूप नव्हतं. साडेतीन फुटांत त्यांचे हातपाय बेचाळीस वर्षं व्यवस्थित मावले होते. त्यांना हवं होतं माणूस, आणि तेही सहा नकोत, एक पुरे. डोळ्यांच्या डॉक्टरने आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, की बारीक काम आणखी दोन वर्षं, फार तर अडीच. काळ्या कापडावर काळा धागा त्यांना आताच दुपारी बारापर्यंत दिसायचा. बारानंतर त्या करडे कपडे हातात घेत आणि चारनंतर गिऱ्हाइकांशी भांडत. भांडायला उजेड लागत नाही.

हे काम म्हणजे काय, ते ज्याच्या पँटला आयुष्यात कधी खिळा लागला नाही त्याला सांगायला हवं. कपड्याच्या आतल्या शिवणीत थोडं जास्तीचं कापड दुमडलेलं असतं. त्यातून एकेक धागा सोडवून काढायचा. केसाएवढ्या सुईत तो ओवायचा. मग भोकावर आधी उभे धागे घालायचे आणि त्यांच्यातून आडवा धागा एक वर, एक खाली असा न्यायचा. मूळ कापडाची वीण जशी असेल तशी. शेवटी ओलसर फडक्यावरून इस्त्री. चांगलं रफू झालं, की गिऱ्हाईक कपडा उलटासुलटा करतं आणि "भोक नेमकं कुठे होतं हो?" असं मावशींनाच विचारतं. आपली तक्रार गिऱ्हाईक स्वतःच विसरून जातं असे धंदे जगात फार नाहीत.

मावशी हे सासऱ्यांकडून शिकल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना साधं बटणही सरळ लावता येत नव्हतं. मामंजी मितभाषी गृहस्थ. उत्तम कामाला ते "चालेल" म्हणत, बऱ्या कामाला काही म्हणत नसत आणि वाईट कामाकडे पाहत नसत. त्यांनी शिकायला स्वतःच्या अंगातला करडा लोकरी कोट काढून दिला. उजव्या कोपरावर भोक होतं. मावशींनी अकरा दिवस खपून ते बुजवलं. मामंजींनी कोट घातला, महिनाभर वापरला, धुऊन आणला आणि म्हणाले, "चालेल." पहिल्याच रफूला "चालेल"! ही गोष्ट मावशींनी आजवर किमान दोनशे गिऱ्हाइकांना सांगितली असेल. त्यांतल्या काहींना दोनदा.

पुढे त्याच कोटावर मावशींनी आणखी सहा रफू केली. मामंजी गेले, कोट राहिला. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मावशी आधी तो कोट देत आणि म्हणत, "सात आहेत. शोध." दोनाच्या वर कुणाला सापडली नाहीत.

शिकायला चौघं येऊन गेली होती. भाची तीन आठवडे टिकली. शेजारच्या शिंप्याचा मेहुणा नऊ दिवस; त्यातले चार त्याने झोपेत काढले. एक कॉलेजातली मुलगी आली, तिने अख्खी वही भरून टिपणं काढली आणि सुईला हात लावायच्या आत तिचा अभ्यास पूर्ण झाला. चौथी खरोखर शिकत होती. पण तिने धागा जरा कुठे ताणला, की मावशींची कात्री पुढे यायची. "ओढलंस! उसव." दिवसातून वीसदा "उसव" ऐकल्यावर तीही दिसेनाशी झाली. शिंपी म्हणाला, "मावशी, तुमच्याकडे माणसं रफू शिकायला येतात आणि रफूचक्कर शिकून जातात."

"तुझा मेहुणा तेवढं तरी शिकला," मावशी म्हणाल्या.

तर नमुना म्हणून मावशींनी समितीकडे हाच कोट पाठवला. सुनेने सुचवलं होतं, की कुठे कुठे काम केलंय तिथे टाचणीने चिठ्ठी लावू. मावशी म्हणाल्या, "लोकरीला टाचणी? आणि भोक पडलं तर बुजवणार कोण? मीच ना?" कोट बिनचिठ्ठीचा गेला.

तीन आठवड्यांनी खात्याचा शिपाई कोट आणि पत्र घेऊन आला. खात्यात सगळे त्याला मामा म्हणत. सत्तावन्न वर्षांचा, उंच, सावकाश माणूस. जिन्याखाली शिरताना डोकं वाकवायला विसरला आणि जिन्याने त्याला आठवण करून दिली. पत्रात लिहिलं होतं: "प्रस्तुत कोटाची समितीने बारकाईने पाहणी केली असता त्यावर कोणतेही काम केल्याचे आढळून आले नाही. सबब नमुना अमान्य. काम केलेला कोट पाठवावा."

मावशींनी पत्र वाचलं. मग शिंप्याला हाक मारून मोठ्याने वाचायला लावलं.

"नामंजूर केलंय की हो," शिंपी हळहळला.

"पुन्हा वाच. 'आढळून आले नाही' इथपासून." मावशींचा चेहरा फुलला होता. "बेचाळीस वर्षांत असं कौतुक कुणी केलं नव्हतं. आणि तेही शिक्क्यासकट."

कौतुक पोटभर झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की माणूस काही मिळालेलं नाही. त्यांनी कोट मांडीवर घेतला.

मामा घसा खाकरून म्हणाले, "साहेबांचा तोंडी निरोप आहे. लाल धाग्याने एक करून पाठवा म्हणाले. म्हणजे समितीला दिसेल."

"साहेबांना म्हणावं, गाणाऱ्याला सांगा, जरा बेसूर गा बाबा, म्हणजे तू गातोयस हे आम्हाला कळेल."

"सांगतो," मामा म्हणाले. निरोप पोचवण्यात त्यांची हयात गेली होती. पण ते हलेनात. बसायला जागा नव्हती, म्हणून कोटाकडे बघत उभेच राहिले. "ताई, एक विचारू? येताना बसमध्ये कोट मांडीवर होता. पाऊण तास. बोटांना उद्योग नव्हता. त्याला हे आठ ठिकाणी काय केलंय?"

मावशींनी मान वर केली. "किती ठिकाणी?"

"आठ."

"सात."

"आठ आहेत, ताई."

शिंपी दारातून म्हणाला, "अहो मामा, त्या सात म्हणतायत ना? सात म्हणा आणि सुटा. मी वीस वर्षं तेच करतोय."

"पण तुम्हाला कळलं कसं?" मावशींनी विचारलं. "समितीला एक दिसलं नाही."

"चौतीस वर्षं फायली हाताळतोय. पानाला पान चिकटलेलं असलं की बोटाला वरूनच कळतं. साहेबांना नाही कळत. ते वाचतात."

मावशींनी कोट पुढे केला. मामांनी डोळे मिटले आणि बोटं फिरवायला सुरुवात केली. खिसा. मावशी म्हणाल्या, "एक." गळपट्टी, "दोन." पाठीवर दोन, खालच्या कडेला एक, डाव्या बाहीला एक. "सहा." मग उजवं कोपर. "हे सात," मावशी म्हणाल्या. "माझं पहिलं." शेवटचे दोन शब्द जरा दमदार होते.

मामांचं बोट अर्धा इंच पुढे सरकलं. "आणि हे आठ."

मावशींनी ते कधी शोधलंच नव्हतं. ज्याला उत्तरं पाठ असतात तो पेपर सोडवत नाही. त्यांनी बाहीच्या अस्तराची शिवण उसवली, कोट उलटा केला, भिंग लावलं आणि दाराच्या उजेडाला गेल्या.

"काय आहे?" शिंप्याने विचारलं.

"ढील," मावशी म्हणाल्या.

ढील म्हणजे असं: आडवा धागा कडेला पोचून परत वळतो, तिथे तो घट्ट ओढायचा नसतो, किंचित सैल सोडायचा असतो. कापड धुतलं की धागा आटतो, आणि ढील नसली तर तो शेजारचं चांगलं कापड फाडतो. नवखा माणूस ही चूक हमखास करतो, कारण घट्ट म्हणजे पक्कं असं त्याला वाटतं. मावशींच्या पहिल्या रफूला ढील नव्हती. भिंगातून ते स्वच्छ दिसत होतं. पहिल्याच धुण्यात ते आटलं होतं आणि त्याने अर्ध्या इंचावर कोट फाडला होता. तिथे कुणीतरी, एका शब्दाने न बोलता, रफू केलं होतं. त्याच्या प्रत्येक वळणाला ढील होती.

"म्हणजे सासऱ्यांनी तुमची चूक गुपचूप निस्तरली," शिंपी म्हणाला. आपण काय मोडतोय याची त्याला कल्पना होती, तरी म्हणाला.

"लबाड म्हातारा!" मावशी म्हणाल्या आणि एकदम हसत सुटल्या. इतक्या, की भिंग खाली ठेवावं लागलं. "आणि पुढच्याच महिन्यात मला ढील सोडायला शिकवलंन! जसा काही पुढचा धडाच आहे. मी मेली बेचाळीस वर्षं सांगत सुटलेय, पहिल्याच रफूला 'चालेल' म्हणाले म्हणून!"

डोळे पुसून त्यांनी कोपरावरून हात फिरवला. "मला नाही कधी 'उसव' म्हणाले," त्या म्हणाल्या.

"मग?" शिंपी.

"मग काही नाही. मामा, तुम्ही रिटायर कधी होताय?"

"एकतीस तारखेला."

"पुढे काय ठरवलंय?"

"सून म्हणते, रोज टेकडीवर फिरायला जा."

"टेकडी कुठे पळून जात नाही. माझे डोळे जातायत. इकडे या."

मामांनी रीतसर अर्ज केला. चौतीस वर्षांची सवय. प्रशिक्षणार्थीचं वय अठरा ते पस्तीस असावं, ही अट साहेबांनी त्यांना वाचून दाखवली. त्या अटीच्या प्रती मामांनीच काढून सगळ्या टेबलांवर वाटल्या होत्या. लाल धाग्याबद्दलचा मावशींचा निरोपही त्यांनी शब्दशः पोचवला. त्यामुळे योजनेचं प्रकरण तिथेच मिटलं.

एक तारखेला दहाच्या ठोक्याला मामा जिन्याखाली हजर झाले, डोकं आपटलं आणि हजेरीपट कुठे आहे म्हणून विचारू लागले. मावशींनी त्यांना पोत्याचा तुकडा दिला. मामा उलट्या घातलेल्या बादलीवर बसले. दोन महिने पोतं, दीड महिना चादरीचे तुकडे. जाड चष्मा लावूनही मामांना वीण नीट दिसत नसे, पण बोटांना कळे. वीण सारखी लागली की ते मान डोलवत, जणू फाईल पुरी झाली. मावशी कात्री हातात घेत, परत ठेवत. एकदा तर ती त्यांनी शिंप्याकडे ठेवायला दिली.

मग मामांनी पहिलं खरं रफू केलं. साहित्य तोच कोट, जागा डावं कोपर. नऊ दिवस लागले. मावशींनी तो घरी नेला, धुतला, वाळवला, आणला आणि पाहिला. व्हायचं तेच झालं होतं. मामांनी ओढलं होतं. शेजारी पाव इंचाची फट पडली होती.

"कसं झालंय, ताई?" मामांनी विचारलं.

"चालेल," मावशी म्हणाल्या. "जा, चहा पिऊन या. सावकाश प्या."

मामांनी सावकाशीत कसूर केली नाही. मावशींच्या हाताने तेवढ्यात काम उरकलं. सकाळची वेळ होती, आणि कापड करडं होतं. मामा परत आले तेव्हा कोट घडी घालून ठेवलेला होता. त्यांनी तो उचलला, कोपरावरून अंगठा फिरवला आणि थांबले.

"ताई."

"काय?"

"मी एक केलं होतं. इथे दोन आहेत."

मावशींनी दाराबाहेर पाहिलं. शिंपी पायमशीन थांबवून कान देऊन बसला होता. "तुमच्यासारख्या माणसापुढे मामंजींचंही काही चाललं नसतं," त्या म्हणाल्या. "बसा. आज ढील शिकू."

खात्याच्या वार्षिक नोंदीत मावशी अजून 'या कौशल्याच्या शेवटच्या ज्ञात कारागीर' आहेत, आणि वारसदारांपुढे 'निरंक' आहे. बादली मावशींनी घरी परत नेली. जिन्याखाली आता दोन स्टुलं आहेत.