हापशीवरच्या आजी

मूल गावच्या कॉलेजला जायला मी जिथे एसटीची वाट पाहते, तिथे समोरच हापशी आहे. एक आजी तिथे रोज यायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, धीर झाला नाही. मी कॉलेजात नवीन होते तेव्हा त्यांच्या डोक्यावर मोठी पितळी गुंडी असायची. मग लहान बादली आली, आणि यंदा नुसता तांब्या. त्या तांब्याने त्या आठ-दहा खेपा करायच्या.

मी पाणी नेऊन देते म्हटलं की म्हणायच्या, "राहू दे वो बाई. लोकं पोराले फोन करतेत, बुढीच्यानं पाणी भरणं होत नाई म्हणून. मंग तो मले बल्लारशाले नेते. तिथी खोलीत बसून मी काय करू?"

मागच्या आठवड्यात त्यांचा मुलगा आला. तो जवळच्याच त्यांच्या घराच्या दारातून पाहत होता, म्हणून आजींनी गुंडी आणली. हापसून काठोकाठ भरली, पण ती उचलेना. मी पुढे झाले, तर त्यांनी डोळ्यांनीच थांबवलं आणि गुंडीचा काठ पदराने पुसत बसल्या, जणू तेवढंच काम राहिलं होतं.

थोड्या वेळाने मुलगा हापशीवर आला. त्याने गुंडी सहज खांद्यावर घेतली.

"चाल माय," तो हळूच म्हणाला.

आजी त्याच्यामागे निघाल्या. त्यांना हापशीवरून रिकाम्या हातांनी परत जाताना मी पहिल्यांदाच पाहिलं.