कॅल्शियमची डबी

"आशे, तुह्या गोळ्यायनं टोंगळ्याले फरक पडला वं," गुडघे चोळत केशरबाई म्हणाली, आणि आशाबाईच्या हातातलं लाटणं तिथंच थांबलं.

केशरबाई तिची थोरली जाऊ. दोन वर्षं कापूस हातचा गेला, तशी गाव सोडून अमरावतीत आशाबाईच्या एका खोलीत राहायला आली. आशाबाई विधवा. क्लासच्या पोरांच्या मेसमध्ये पोळ्या करायची. तिला एचआयव्ही होता आणि ते सरकारी दवाखान्याबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. मेसमध्ये कळलं तर काम गेलंच. म्हणून दवाखान्यातल्या गोळ्या ती कॅल्शियमच्या डबीत भरून ठेवायची. सकाळ-संध्याकाळ घ्यायच्या. खाडा झाला तर औषध लागू पडणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं.

"कितीक खाल्ल्या, बाई?"

"चार-पाच. मळमळते जरा. गोवर्धनच्या मायलेही कबूल केल्या मी. येऊनच राहिला तो."

गोवर्धन म्हणजे मेसचा मालक.

"द्या ती डबी."

केशरबाईनं डबी पदराखाली घेतली. "एवढी चिंगूस काहून झाली तू?"

"कॅल्शियमच्या नाहीत त्या."

"मंग?"

बाहेर स्कूटर थांबली.

"हे ज्या बिमारीनं गेले ना, तिच्या. मलेही हाय ते. एचआयव्ही."

"त्याले तं टीबी होता."

"टीबीही होता."

केशरबाईचा हात पदराबाहेर आला. "मंग आता मले..."

"गोळीनं नाही होत. पण उद्या माह्यासंगं दवाखान्यात चाला."

"मावशी, आईच्या गोळ्या?" गोवर्धन दारात.

केशरबाई डबी घेऊनच उठली.

"नको नेऊ बापा. मलेच मळमळून राहिलं त्यानं."

"एक गोळी तं दाखवा. मेडिकलमधून तशीच घेतो." त्यानं हात पुढं केला.

आशाबाई तव्यावरची पोळी उलटायची विसरली.

"संपल्या त्या. डबीत आता इलायची हाय माही." केशरबाईनं डबी मुठीत घट्ट धरली, आतल्या गोळ्या वाजू नयेत म्हणून. "मायले डॉक्टरले दाखव. शेजारपाजारच्या गोळ्या काय चारतं?"

गोवर्धन हसला. "बरं. आशाबाई, सकाळी लवकर या."

स्कूटर गेली. केशरबाईनं डबी पोळपाटावर ठेवली. हात पाण्यानं धुतला, पदराला पुसला.

"खाय. वेळ झाली असंन."

आशाबाईनं गोळी गिळली. एरवी दोघी एकाच ताटात जेवायच्या. आज तिनं दोन ताटं घेतली. केशरबाई नको म्हणाली नाही. फक्त आपलं ताट ओढून तिच्या ताटाला टेकवलं, आणि तिकडं न पाहता जेवू लागली.